शिंपला सापडला म्हणजे थराचं वय सापडलं का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. तुमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तर थडीला. नदीनं कापलेल्या उभ्या दरडीत, वरच्या शेतापासून वीसेक फूट खाली, पिवळ्या मातीच्या थरात तुम्हाला शिंपले आणि गोगलगायींचे शंख दिसले. पलीकडे अमळनेरच्या बाजूला, मामांच्या गावाजवळ, तशीच दरड, तशीच पिवळी माती, तसेच शिंपले. सोबत हाडासारख्या दिसणाऱ्या एका पांढऱ्या नळीचा फोटो. शाळेत शिकवलंय की जीवाश्मांवरून खडकांचं वय कळतं. म्हणून तुम्ही विचारताय: हे दोन्ही थर एकच का, आणि किती लाख वर्षांचे?

नुसत्या या शिंपल्यांवरून दोन्हींपैकी एकाचंही उत्तर देता येणार नाही. शाळेत शिकवलेलं चूक आहे असं मात्र नाही. कोणता जीवाश्म, कुठे, कशा अवस्थेत सापडला, यावर सगळं अवलंबून असतं आणि पाठ्यपुस्तकात तेवढी जागा नसते. मी नोकरीची वर्षं गुजरातेत, खंबातच्या खोऱ्यातल्या तेलविहिरींचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात घालवली. वाळूच्या कणाएवढी कवचं वेचायची आणि विहीर सध्या कोणत्या काळाच्या थरात आहे ते सांगायचं, हे काम. आता गावी परतलोय, त्यामुळे तापीच्या दरडीही बघून झाल्यात. दोन्हीकडचं सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न चिकटलेले आहेत, ते आधी सुटे करू. ‘हा थर आणि तो थर एकाच काळाचे का’ हा एक. याला सहसंबंध जुळवणं म्हणतात. ‘तो काळ किती वर्षांपूर्वीचा’ हा दुसरा. जीवाश्मांची खरी ताकद पहिल्या प्रश्नात आहे. दुसऱ्याचं उत्तर ते स्वतः देत नाहीत, दुसऱ्या कुणाकडून उसनं घेतात.

हे कसं, ते विल्यम स्मिथच्या उदाहरणानं लगेच समजतं. इंग्लंडमधला हा सर्वेक्षक कोळशाच्या वाहतुकीसाठी कालवे खोदण्याच्या कामावर होता. खोदताना त्याच्या लक्षात आलं की दिसायला सारख्या वाटणाऱ्या चिकणमातीच्या थरांतही प्रत्येकात शंखशिंपल्यांचा आपापला संच आहे आणि हे संच सगळीकडे एकाच क्रमानं येतात. त्या जोरावर त्यानं १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक यायला अजून चव्वेचाळीस वर्षं होती. क्रम तसाच का येतो हे स्मिथला ठाऊक नव्हतं, कुठला थर किती वर्षांचा हेही नव्हतं. तरी नकाशा बरोबर आला. कारण नकाशाला क्रम पुरतो, आकडा लागत नाही.

आकडे आले विसाव्या शतकात, किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या मोजणीतून. जीवाश्म असलेल्या थरांच्या अध्येमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे पट्टे सापडतात. त्या राखेतल्या झिरकॉनसारख्या स्फटिकांचं वय काढता येतं. खालची राख इतक्या वर्षांची, वरची इतक्या, म्हणजे मधला जीवाश्म या दोहोंच्या दरम्यानचा. असं जगभर शेकडो ठिकाणी केल्यावर आज आपण ‘क्रिटेशसचा, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळाचा, शेवट ६.६ कोटी वर्षांपूर्वी’ असं सहज म्हणतो. अमुक अमोनाइट (समुद्रातला, गुंडाळलेल्या कवचाचा, आता नामशेष झालेला जीव) दिसला की मी ‘नऊ कोटी’ म्हणून टाकतो, पण तो आकडा अमोनाइटनं दिलेला नसतो, कुठल्यातरी दूरच्या राखेनं दिलेला असतो.

आता कोणता जीवाश्म कामाचा? समजा जुन्या घराच्या माळ्यावर बंद पत्र्याचा डबा सापडला आणि त्यात दोन हजारांची गुलाबी नोट निघाली. ती नोट नोव्हेंबर २०१६ ला आली, मे २०२३ मध्ये मागे घेतली गेली, आणि त्या काळात नंदुरबारपासून नागालँडपर्यंत सगळीकडे फिरली. म्हणजे डबा २०१६ च्या आधी बंद झालेला नाही, एवढं नक्की. त्याच डब्यात एक रुपयाचं नाणं सापडलं असतं तर फारसं काही कळलं नसतं. निर्देशक जीवाश्माचं असंच आहे. जात थोडा काळ जगलेली हवी, दूरवर पसरलेली हवी, भरपूर सापडणारी हवी आणि ओळखायला सोपी हवी. चारही गुण एकत्र असणारे जीव कमी. समुद्रात तरंगणारे किंवा पोहणारे जीव इथे बाजी मारतात, कारण प्रवाहाबरोबर ते सगळीकडे पोचतात आणि मेल्यावर कुठल्याही प्रकारच्या तळावर पडतात. अमोनाइट, ग्रॅप्टोलाइट (वसाहतीनं राहणारे बारीक, नामशेष समुद्री जीव), तरंगते फोरॅमिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय जीव), सगळे त्याच पंगतीतले.

तुमच्या फोटोंतले शिंपले या कसोटीवर लावून बघा. मोठा शिंपला लॅमेलिडेन्स वाटतो, गोलसर शंख बेलामिया, आणि लांबट पीळदार आहे तो बहुतेक मेलॅनॉइडिस. तिघेही आज तापीत, गिरणेत, पाझर तलावात जिवंत सापडतात. पाणी ओसरल्यावर पोरं हेच शिंपले गोळा करतात. म्हणजे या जाती ‘पूर्वीपासून आजपर्यंत’ अशा लांब पल्ल्याच्या आहेत. वीस फूट खालचा थर पाचशे वर्षांचा असो की पन्नास हजार वर्षांचा, शिंपले हेच निघणार. हे डब्यातलं एक रुपयाचं नाणं.

म्हणून ते फेकून द्यायचे असं नाही. वय सांगत नसले तरी तिथे पाणी कसं होतं हे ते सांगतात. संथ, गोड्या पाण्याची, बारीक गाळाची जागा. पूर ओसरल्यावर मागे राहिलेलं डबकं किंवा नदीचा सोडून दिलेला जुना वळसा असावा. असा जीवाश्म परिस्थितीला बांधलेला असतो, काळाला नाही. आणि इथेच नवशिक्याची गल्लत होते. दोन ठिकाणी सारखे शिंपले सापडले म्हणजे दोन ठिकाणी सारखं डबकं होतं. एकाच वेळी होतं असं कुठे सिद्ध झालं?

सारख्या पिवळ्या मातीचंही तेच. समुद्र जमिनीवर हळूहळू चढतो तेव्हा किनाऱ्याची वाळू त्याच्यासोबत आत सरकत जाते. हजारो-लाखो वर्षांनी खडक झाल्यावर तो एकसंध वालुकाश्म दिसतो, पण एका टोकाचा भाग दुसऱ्या टोकापेक्षा कितीतरी आधी साचलेला असतो. खडक एक, काळ वेगळे. नदीच्या गाळात तर याहून वाईट. तापीनं आधी गाळ साठवला, मग त्यात खोल घळ कापली, मग त्या घळीत पुन्हा नवा गाळ भरला. त्यामुळे नवा थर जुन्या थरापेक्षा खालच्या पातळीवर बसू शकतो. तुमच्याकडचे वीस फूट आणि मामांकडचे वीस फूट यांची बरोबरी लावणं हे तापीच्या बाबतीत सगळ्यात धोक्याचं. विहिरीत पाणी किती फुटांवर लागेल हे शेजाऱ्याच्या विहिरीवरून सांगणारे ज्या कारणानं फसतात, जवळजवळ त्याच कारणानं.

तुम्ही ‘लाख वर्षं’ म्हणताय म्हणून आपल्या भागाचा हिशेब थोडक्यात सांगतो. खानदेशात पायाखाली मुख्यतः दोनच गोष्टी आहेत: खाली दख्खनचा काळा बेसाल्ट, वर तापीचा गाळ. यावल-रावेर-चोपड्याच्या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याकडे हा गाळ शेकडो फूट जाड आहे, हे बोअर मारणाऱ्यांना विचारा. बेसाल्ट ढोबळमानानं ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा. गाळ चतुर्थक कालखंडातला धरतात, म्हणजे गेल्या २५.८ लाख वर्षांतला. मधल्या सहा कोटींहून जास्त वर्षांची आपल्याकडे नोंदच नाही. विहीर खणताना गाळ संपून कातळ लागतो, त्या एका रेषेत ती सगळी वर्षं हरवलेली आहेत. भूविज्ञानात अशा रेषेला विसंगती म्हणतात.

पण तीच वर्षं तापी जिथे समुद्राला मिळते तिकडे सापडतात. निम्मा खानदेश पोटापाण्यासाठी सुरतेला जातो, म्हणून मुद्दाम सांगतो. सुरत आणि भरूच जिल्ह्यांत, तडकेश्वरच्या आसपास, याच बेसाल्टावर इओसीन काळातले (साधारण ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीचे) समुद्री आणि किनारी थर बसलेले आहेत. त्यातल्या चुनखडकात नुम्युलाइट्स नावाचे चपटे गोल जीवाश्म खच्चून भरलेले असतात. काही मिलिमीटरपासून चांगल्या नाण्याएवढे, आणि प्रत्येक एकाच पेशीचा जीव. हे बघताक्षणी मी म्हणेन, ‘इओसीन, फार तर त्यापुढच्या ऑलिगोसीनचा सुरुवातीचा भाग’. एवढं नुसत्या वंशावरून. मग पातळ काप घेऊन, आतल्या कप्प्यांची रचना आणि पहिल्या कप्प्याचा व्यास मोजून जात ठरवली की काळ आणखी आवळता येतो. जवळच्याच वस्तानच्या लिग्नाइट खाणीत वटवाघळांची आणि आदिम वानरवर्गीय प्राण्यांची हाडं सापडली. हाडं जगभर गाजली, पण थर इओसीनच्या सुरुवातीचा हे ठरवायला मोठा आधार झाला तो त्याच खाणीतल्या नुम्युलाइट्स बर्डिगॅलेन्सिसचा. दुर्मीळ आणि देखणा जीवाश्म वय ठरवायला बहुधा निरुपयोगी असतो, कारण तो दुसरीकडे सापडतच नाही. मग तुलना कशाशी करणार?

एका जातीवर आम्ही क्वचितच विसंबतो. जात अ अमुक काळात आली आणि अमुक काळात संपली, जात ब थोडी नंतर आली आणि नंतर संपली. दोन्ही एकत्र सापडल्या तर थर दोघींच्या आयुष्याच्या सामाईक भागातलाच असणार. तिसरी, चौथी जात जोडली की हा सामाईक भाग आणखी अरुंद होतो. अशा तुकड्यांना जैवपट्टे म्हणतात. जर्मनीतल्या अल्बर्ट ओपेलनं १८५० च्या दशकात ज्युरासिक थरांसाठी ही पद्धत पक्की केली आणि आजही गाडा मूलतः तिच्यावरच चालतो. माझ्या टेबलावर एक मोठा तक्ता असायचा, उभा काळ आणि आडव्या जाती, प्रत्येक जातीची एक उभी रेघ. नमुन्यात सापडलेल्या जातींवर बोट ठेवायचं आणि सगळ्या रेघा एकाच वेळी हजर असलेली पट्टी शोधायची. अर्ध्याहून जास्त कौशल्य जाती ओळखण्यात. तक्ता वाचणं सोपं.

आता तेलविहिरीतली गोष्ट, कारण इथेच पुस्तकातला नियम उलटा करून वापरावा लागतो. आपल्याकडे बोअरवाला ठरावीक फुटांवर चुऱ्याचे ढीग लावत जातो, ते तुम्ही पाहिलं असेल. तेलविहिरीतही तसंच, फक्त चुरा चिखलाबरोबर वर येतो आणि विहीर किलोमीटरांत खोल असते. अडचण अशी की खोदकाम खाली चाललेलं असताना वरच्या भिंतींचे तुकडे ढासळत राहतात आणि खालच्या चुऱ्यात मिसळतात. म्हणजे खोलवरच्या नमुन्यात वरच्या, नव्या थरातले जीवाश्म हमखास असणार. खालचे जुने जीवाश्म मात्र बिट, म्हणजे खोदणारं टोक, तिथे पोचण्याआधी वर येऊ शकत नाहीत. म्हणून चुऱ्यावर काम करणारा माणूस एखादी जात शेवटी कधी दिसेनाशी झाली याकडे बघत नाही. वरून खाली जाताना ती पहिल्यांदा कधी दिसली, ती खोली तो धरतो. काळाच्या भाषेत ती त्या जातीच्या नाहीशा होण्याची वेळ. उलट, ती जात पृथ्वीवर पहिल्यांदा कधी आली ते या चुऱ्यावरून खात्रीनं सांगता येत नाही, कारण तिच्या खालचे नमुनेही ढासळलेल्या मालानं दूषित झालेले असतात. उघड्या दरडीत तुम्ही दोन्ही टोकं धरू शकता. दरड मिळणं हे नशीब आहे, विहिरीवाल्याला विचारा.

दुसरी अडचण बरोबर उलटी. जुन्या खडकातून सुटलेले जीवाश्म वाहत जाऊन नव्या थरात पुन्हा पुरले जातात. इओसीनच्या चुनखडकावरून वाहणारा ओढा आज समुद्रात नुम्युलाइट्स टाकत असेल, तर उद्याच्या थरात ते चार-पाच कोटी वर्षं ‘चुकीच्या’ काळात सापडतील. ओळखायचं कसं? कवचं झिजलेली, कडा गोल, रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा, आणि सोबतच्या जातींशी काळ न जुळणारा. नमुन्यात सगळ्यात तरुण जात कोणती, ती थराच्या वयाची वरची मर्यादा बांधते: थर तिच्या जन्माआधीचा असू शकत नाही. जुन्या जाती हव्या तेवढ्या मिसळलेल्या असू शकतात. ढासळलेला माल असेल तिथे मात्र हाच नियम तुम्हाला फसवतो. त्यामुळे नमुना दरडीतून हातानं काढलाय की बोअरच्या ढिगातून उचललाय, हे मी सगळ्यांत आधी विचारतो.

तिसरी अडचण जरा सूक्ष्म आहे. एखादी जात सगळीकडे एकाच वेळी पोचते का? इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्लेनं १८६२ मध्येच हा खडा टाकला होता: दोन देशांत जीवांचा क्रम सारखा आला म्हणजे ते समकालीन, असं सिद्ध होत नाही. आपल्याजवळचं उदाहरण कच्छचं आहे. १८७० च्या दशकात विल्हेल्म वागेननं कच्छमधल्या ज्युरासिक अमोनाइट्सचा अभ्यास करून ते युरोपातल्या पट्ट्यांशी जोडले आणि ती जुळवणी बऱ्याच अंशी टिकली. त्यात मॅक्रोसेफॅलाइट्स हा फुगीर अमोनाइट युरोपात कॅलोवियन या ज्युरासिकमधल्या टप्प्याच्या सुरुवातीची खूण मानला जातो. पुढे लक्षात आलं की कच्छकडे तो त्याआधी, बॅथोनियन या आधीच्या टप्प्याच्या अखेरीसच हजर होता. म्हणजे एकट्या वंशाच्या नावावर जोडणी केली असती तर कच्छचे काही थर आहेत त्यापेक्षा तरुण ठरले असते. जातीपर्यंत जाऊन आणि सोबतचे बाकी अमोनाइट धरून ती दुरुस्त होते. कुणी तुम्हाला एका जीवाश्माच्या जोरावर हजार किलोमीटरवरचे दोन थर जोडून दाखवले, तर दुसरा पुरावा मागा. तो नसेल तर चहा पाजून रवाना करा.

चांगला सराव करायचा असेल तर शहाद्याहून खेतियामार्गे बडवानी ओलांडून नर्मदेपलीकडे बाघला जाऊन या. धार जिल्हा. तिथे बेसाल्टाच्या खाली क्रिटेशस काळातले समुद्री थर उघडे पडलेत: तळाला निमाड वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडक, त्यावर ब्रायोझोआंनी (वसाहतीनं राहणाऱ्या बारीक समुद्री जीवांनी) भरलेला चुनखडक. अमोनाइट, समुद्री साळिंदरं, कालवं सगळं सापडतं. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्र पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात आत आला होता, हे तिथे बोटानं दाखवता येतं. या थरांच्या नेमक्या काळाबद्दल शंभराहून अधिक वर्षं वाद झाले. ते मिटत आले ते अमोनाइट्स आणि इनोसेरॅमस गटातल्या शिंपल्यांमुळे. हो, शिंपलेच. पण हे शिंपले समुद्रातले, झपाट्यानं बदलणारे आणि जगभर पसरलेले. त्यामुळे ‘शिंपल्यावरून वय कळत नाही’ असा नियम माझ्या नावावर खपवू नका.

बेसाल्टातही जीवाश्म मिळतात, फक्त लाव्ह्यात नाही, दोन लाव्हांच्या मधल्या गाळात. छिंदवाड्याजवळ झिलमिली इथे अशा थरात तरंगत्या फोरॅमिनिफेरांची डॅनियन काळाच्या सुरुवातीची कवचं सापडली. डायनासोर संपल्यानंतर लगेचचा हा काळ. समुद्रापासून इतक्या दूर, देशाच्या मध्यभागी, समुद्री कवचं. या शोधाचं वजन समजायला हे पुरे: त्या बारीक कवचांमुळे झिलमिलीचा थर थेट ट्युनिशियातल्या एल केफच्या थराशी जोडता येतो, जिथे क्रिटेशस संपून पुढचा काळ सुरू झाल्याची जागतिक प्रमाण रेषा ठरवलेली आहे. नुसते गोड्या पाण्याचे शंख मिळाले असते तर ही जोडणी इतक्या नेमकेपणानं झाली नसती.

मग तापीच्या दरडीचं काय? तिथे दुसरी माणसं कामाला लावावी लागतात. मोठे सस्तन प्राणी मिळाले तर उत्तम. नर्मदेच्या गाळात पाणघोडा, बॉस नमाडिकससारखे रानटी बैल, प्राचीन हत्ती सापडलेत. हे आज इथे नाहीत, म्हणून त्यांच्या असण्याला काळाचा अर्थ आहे. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला एस. ए. साळींच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं कोरीव नक्षी असलेलं कवच मिळालं, आणि त्याचा काळ कार्बन पद्धतीनं सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा निघाला. खानदेशात शहामृग! तुमच्या दरडीत पिवळसर, जाड, किंचित वक्र आणि बारीक छिद्रांचा कवचाचा तुकडा दिसला तर शिंपल्याच्या दसपट जपून ठेवा. दगडाची हत्यारंही इथे जीवाश्मासारखंच काम करतात.

शिंपल्यांचं कार्बन वय काढता येतं, साधारण ५० हजार वर्षांच्या आतलं असेल तर. पण आपल्याकडे पाण्यात विरघळलेला चुना भरपूर. शिंपला तो जुना कार्बन कवचात घेतो आणि आहे त्याहून म्हातारा दिसतो. आज जिवंत असलेलासुद्धा काही शे वर्षांचा दिसू शकतो. म्हणून आकडा आला की लगेच गावात पेढे वाटू नका. शेवटचा सूर्यप्रकाश कधी लागला हे मोजून गाळाचं वय काढण्याची पद्धत आहे, ती क्वार्ट्झच्या कणांवर छान चालते. बेसाल्टात क्वार्ट्झ नसल्यातच जमा, त्यामुळे इथे फेल्डस्पारवर जावं लागतं आणि काम किचकट होतं.

अजून एक शक्यता तपासा, कारण ती खानदेशात खरोखरच वारंवार असते. तो थर नदीनं साठवलाय की माणसानं? तापीकाठी माणूस हजारो वर्षं राहतोय. शहादा तालुक्यातलं प्रकाशे, सावळदा ही ताम्रपाषाणयुगीन वसाहतींची ठिकाणं आहेत, आणि ती माणसं शिंपले खात. शिंपल्यांचा ढीग एकाच जागी, सोबत राख, खापराचे तुकडे, जळकं हाड, तर तो उकिरडा आहे. मग विषय माझा राहत नाही, पुरातत्त्ववाल्यांचा होतो. त्याउलट शिंपल्याची दोन्ही झापं अजून जोडलेली, आडवी, थरभर विखुरलेली असतील, तर ते जिथे जगले तिथेच मेले. झापं सुटी, फुटकी आणि एकाच दिशेला पालथी पडलेली असतील तर पुरानं आणून टाकली. तुमच्या फोटोत किमान दोन शिंपले जोडलेले दिसतात, म्हणून डबक्याचा अंदाज वर केला. पण फोटोवरून पैज लावणार नाही.

आणि ती पांढरी नळी हाड नाही. कंकर आहे. झाडाच्या मुळाभोवती चुना साचत गेला, मूळ कुजलं, नळी राहिली. पिवळ्या मातीत अशा नळ्या ढिगानं मिळतात. जुनं हाड ओल्या जिभेला चिकटतं कारण त्यात बारीक छिद्रं असतात, आणि तुटलेल्या टोकाला जाळी दिसते. नळीत वर्तुळाकार पापुद्रे दिसतील. तसंच बेसाल्ट कांद्यासारखा सोलत गेला की गोल गोळे उरतात आणि दरवर्षी कुणीतरी त्यांना डायनासोरची अंडी म्हणून फोटो पाठवतं. याच्या उलटही घडलंय, बरं का: धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात शेतातले जे गोल दगड कुलदैवत म्हणून पुजले जात होते, ते खरोखरच डायनासोरची अंडी निघाले. पण तिथे बेसाल्टाखालचे थर उघडे आहेत, चोपड्याला नाहीत.

तर आत्ता माझा अंदाज एवढाच: दोन्ही थर चतुर्थक काळातले, गोड्या संथ पाण्यातले. एकाच काळाचे आहेत की नाही, ते ठरवायला पुरावा नाही. तो मिळवायचा असेल तर पावसाळ्याआधी जा, दरड ढासळती असते. पूर्ण दरडीचा वरपासून पाण्यापर्यंत एक आराखडा काढा: कुठला थर किती जाड, रंग काय, वाळू की गाळ, कंकर कुठे, गोट्यांची रेघ कुठे. हेच मामांच्या गावाला. मग शिंपले विसरून दोन्ही आराखडे शेजारी ठेवा आणि एखादा वेगळा, ठळक पट्टा दोन्हीकडे आहे का बघा, विशेषतः पांढरट-राखाडी, पिठासारखा मऊ, बोटांत चुरल्यावर काचेसारखा चुरचुरणारा. तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या गाळात ज्वालामुखीची राख सापडली आहे. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी भारतभर पडली होती. तसा पट्टा दोन्ही थड्यांना मिळाला तर त्याच्यासारखी जोडणी नाही, कारण राख सगळीकडे एकदमच पडते. तिला स्थलांतर करायला वेळ लागत नाही.

शिंपले उपटून आणू नका. जागेवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, वरची बाजू कोणती ते बाणानं दाखवा आणि शेताच्या पातळीपासूनची खोली लिहा. दोन-चार नमुने घ्यायचेच असतील तर भोवतीच्या मुठभर मातीसकट घ्या, पिशवीवर खोली लिहा, धुऊ नका. त्या मातीत ऑस्ट्रॅकॉडची (पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांची) कवचं असू शकतात, नळाखाली धरली की गेलीच. जळगावच्या विद्यापीठात पृथ्वीविज्ञानाचा विभाग आहे, तिथे आधी दाखवा. आणि तो मऊ राखाडी पट्टा खरंच दिसला तर त्याला हात लावण्याआधी इथे फोटो टाका, मी अमळनेरच्या बाजूनं येऊन बघतो.